मुलाच्या डिप्लोम्याने कामगार वाचणार नाहीत

प्रश्न : झाडं छाटण्याचा ठेका घेतो. बहुतेक सोसायट्यांची कामं, थोडं पालिकेचं. गेल्या मे महिन्यात गुलमोहरावरून एक माणूस पडून जायबंदी झाला. कामावर घेताना मी प्रत्येकाकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर चढतो’ असं लिहून घेतो, बेल्टही देतो. ते घालत नाहीत. मुलाला बारावी सायन्सला ५८ टक्के पडले. सीईटी दिली आहे, वनशास्त्राला जायचं म्हणतो. मी म्हणतो, एक वर्षाचा सेफ्टी डिप्लोमा करून धंद्यात ये, म्हणजे ती जबाबदारी त्याच्या सहीवर राहील. त्याला समजवा.
– एक पालक, ठाणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

मी त्याला समजावणार नाही. तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. मुलाच्या टक्क्यांवर त्यात अख्खं पान आहे आणि पडलेल्या माणसावर एक ओळ. त्याहून ‘त्याच्या सहीवर’ हे शब्द मला अस्वस्थ करतात. जो मुलगा कधी झाडावर चढला नाही, ज्याचं तुमचे जुने चढणारे ऐकणार नाहीत, त्याच्या नावाने तुम्ही कागद तयार ठेवणार. उद्या अपघात झाला तर पोलिसांपुढे पहिलं नाव त्याचं येईल. कोणत्या बापाला हे हवं असतं?

आता ते लिहून घेतलेले कागद. त्यांना किंमत नाही. भरपाईचा हक्क कामगाराकडून लिहून घेऊन सोडवता येत नाही, हा नियम १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून आहे. माणूस दगावला तर ‘बेल्ट दिला होता, त्याने घातला नाही’ हा बचावही चालत नाही. आणि बारावीनंतरच्या खासगी डिप्लोम्याने कोणी कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर होत नाही. त्यासाठी आधी पदवी किंवा इंजिनिअरिंगची पदविका, मग अनुभव, मग राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा किंवा सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम लागतो. तोही कारखान्यांसाठी आहे. फांदी कशी उतरवायची हे त्यात शिकवत नाहीत. त्या माणसाला भरपाई दिली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर कुठलीही फी भरण्याआधी ती द्या.

बेल्ट का घालत नाहीत, हे त्यांना एकदा विचारा. तुम्ही झाडामागे पैसे देता ना? दर फांदीला बेल्ट सोडून पुन्हा बांधायचा म्हणजे दिवसाला एखादं झाड कमी होतं आणि ते त्याच्या खिशातून जातं. रोजावर पैसे द्या, मग बेल्टबद्दल बोला. बेल्टही कमरेचा नको. त्यात लटकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. मांड्यांना आधार देणारा हार्नेस लागतो. झाडावर चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असायला हवं. एकच दोर असेल आणि मशीन उसळून दोरालाच लागलं, तर माणूस थेट खाली येतो. वीज बंद केल्याचा नुसता फोन आला म्हणून तारेजवळच्या फांदीला हात लावायचा नाही. लाइन अर्थ केलेली, म्हणजे तार जमिनीला जोडलेली, डोळ्यांनी बघायची, कारण एखाद्या इमारतीच्या जनरेटरमधून उलटा करंट येऊ शकतो. हे प्रशिक्षण या वर्षी तुम्ही आणि तुमच्या मुकादमाने घ्यायचं आहे.

मुलगा बरोबर बोलतोय. वनशास्त्राची पदवी दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत आहे, प्रवेश सीईटीवर होतो. ५८ टक्क्यांचा बाऊ करू नका. झाड आतून कधी पोकळ होतं, बुंध्यावर अळंबी उगवली की मुळं कोणत्या अवस्थेत असतात, फांदी कुठे कापली की जखम भरते, हे शिकलेली माणसं तुमच्या धंद्यात फार थोडी आहेत. गुलमोहरावर माणूस चढवण्याआधी खोडावर हातोडीने ठोकून बघतो असा ठेकेदार मला क्वचितच दिसला आहे.

सुट्टीत त्याला साइटवर जरूर न्या. सही मागू नका, खाली उभं करा. फांद्या पडतात त्या जागेत कोणी येऊ न देणं आणि धोका दिसला की काम थांबवणं, एवढं त्याला द्या. त्याने थांबवलं तर मुकादमासमोर त्याला खोटं पाडू नका.