जर्मनीत सुट्टी न घेता तिचे पैसे मागता येतात का?

नाही, नोकरी चालू असताना कायद्याने मिळणारी सुट्टी विकता येत नाही. आपल्याकडे लीव्ह एनकॅशची सवय असते म्हणून हे ऐकून विचित्र वाटतं, पण तिकडे पगारी सुट्टी म्हणजे बोनस नाही, माणसाने खरंच आराम करावा म्हणून दिलेला हक्क आहे, युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्कांच्या सनदेत कलम ३१ मध्ये तसं लिहिलंय. पैसे फक्त नोकरी सोडताना, उरलेल्या दिवसांचे.

जर्मन कायदा १९६३ चा आहे, आठवड्याला ५ दिवस काम असेल तर वर्षाला किमान २० दिवस, बऱ्याच कंपन्या २८-३० देतात, वरच्या दिवसांचं काय ते काँट्रॅक्टमध्ये बघा. नवीन माणसाला पूर्ण हक्क ६ महिन्यांनी.

आणि "घेतली नाही, गेली" असं एचआर म्हणाला तर लगेच मान डोलवू नका. युरोपियन कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय की सुट्टी शिल्लक आहे, घ्या नाहीतर बुडेल हे कंपनीने स्पष्ट कळवलं नसेल तर ती आपोआप बुडत नाही. सुट्टीत तापाने पडलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, ते दिवस परत मिळतात.