वाहनविषयक प्रश्नोत्तरे : काँटेसात टर्बो इंजिन

प्रश्न : वडिलांनी १९९४ साली नवी घेतलेली, एमएच-१० नोंदणीची काँटेसा क्लासिक आमच्याकडे आहे. तिचे इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आता तेल पिऊ लागले आहे. मिरजेतील मित्राकडे अपघातात निकामी झालेल्या पहिल्या पिढीतील स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन आहे. ते काँटेसात बसवून बूस्टही (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवावा, असा विचार आहे. त्यासाठी कोणता टर्बो घ्यावा, गिअरबॉक्स कोणता जुळेल आणि अशी गाडी घेऊन कास-महाबळेश्वरला जाता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण टर्बोचा प्रश्न पहिला विचारला आहे, पण या कामात तो सर्वांत शेवटी येतो. टर्बो विकत मिळतो आणि नट-बोल्टने बसतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत शाबूत नेणारी सगळी साखळी मात्र आपल्याला घडवून घ्यावी लागते, आणि असे बहुतेक प्रकल्प याच टप्प्यावर अडकून वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहतात.

काँटेसाची चाल मागच्या चाकांवर, तर ऑक्टाव्हियाची पुढच्या. ऑक्टाव्हियाचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात असल्यामुळे तो गिअरबॉक्स आपल्या उपयोगाचा नाही. उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या इंजिनासाठी बनवलेला, मागे प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जोडता येईल असा दुसरा गिअरबॉक्स शोधावा लागेल आणि इंजिन व त्या गिअरबॉक्सचे बेल हाऊसिंग (क्लच झाकणारे घर) यांच्यामध्ये ॲडाप्टर प्लेट बनवून घ्यावी लागेल. सांगलीकरांना एवढ्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) असे काम करणारे चांगले कारागीर सापडतात. त्यांना नेमके काय सांगायचे, हे मात्र आपल्याला ठाऊक हवे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत येणे, हे त्या प्लेटचे खरे काम आहे. बोल्ट फक्त आवळतात. जागा ठरवतात त्या डॉवेल पिना (अचूक मापाच्या खुंट्या). प्लेट आणि बेल हाऊसिंग चढवल्यावर फ्लायव्हीलला डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून इंजिन हाताने पूर्ण फिरवावे आणि बेल हाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर काटा किती हलतो ते पाहावे. हा फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास राहिला तर ठीक. त्याहून बराच जास्त असेल, तर क्लच लवकर झिजतो, इनपुट शाफ्टचे बेअरिंग ओरडू लागते आणि दोष मात्र गिअरबॉक्सवर जातो.

पुढची अडचण कागदावर सहसा दिसत नाही. ऑक्टाव्हियात हे इंजिन आडवे बसते आणि त्याची एक्झॉस्टची बाजू फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) असते. फ्लायव्हील मागे येईल अशा रीतीने ते उभे फिरवले, की एक्झॉस्ट आणि टर्बो गाडीच्या उजव्या अंगाला येतात, आणि आपल्याकडच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा व ब्रेकचा मास्टर सिलिंडर नेमके त्याच अंगाला असतात. पेट्रोल टर्बोत शिरणारा वायू जोर लावल्यावर ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. ओलावा शोषलेले डॉट-४ ब्रेक ऑइल मात्र साधारण १५५ अंशांनाच उकळू शकते. त्यामुळे टर्बोला उष्णतारोधक आवरण, मध्ये पत्र्याची ढाल आणि ब्रेकच्या नळ्यांचा वेगळा मार्ग या गोष्टी पहिल्या आराखड्यातच हव्यात. इंजिनाचे ऑइल चेंबर काँटेसाच्या क्रॉस मेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) टेकते का, हेही इंजिन टांगून आधी पाहावे. चेंबर कापून वळवावे लागले, तर आतला ऑइल पिकअपही (पंपाची तेल ओढणारी नळी) त्याच मापाने हलवावा लागतो. नाहीतर घाटातल्या एखाद्या वळणावर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात.

आता ताकदीचा हिशेब पाहू. आपल्याकडे विकल्या गेलेल्या त्या आरएसचे इंजिन १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असे, तर काँटेसाचे मूळ इंजिन ९० अश्वशक्तीच्याही आत होते. लोक अश्वशक्तीकडे पाहतात. गिअर आणि क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाके) मोडतो तो टॉर्क, आणि या इंजिनात तो मिनिटाला १७५० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो. उदाहरणादाखल पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि मागच्या क्राऊन-पिनियनचे ४ धरले, तर २१० न्यूटन-मीटरचे ॲक्सलवर २९४० होतात. बूस्ट वाढवून इंजिनाचा टॉर्क २८० केला, तर तोच आकडा ३९२० वर जातो. तीस वर्षांच्या ॲक्सलवर एवढा भार टाकण्यापूर्वी अधिक मजबूत मागचा ॲक्सल आणि त्याला साजेसे ब्रेक बसवणे, हाच कामाचा पहिला टप्पा ठरतो. प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यावा. गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टची आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर असावी, म्हणजे दोन्ही टोकांच्या क्रॉसवर (वळणाऱ्या सांध्यांवर) सारखाच कोन पडतो. तो तीन अंशांच्या आत ठेवावा. मात्र शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासत राहतात.

इंधनाबाबत थोडक्यात सांगतो. कार्ब्युरेटरचा जुना पंप इंजेक्शनला लागणारा सुमारे ३ बार दाब देऊ शकत नाही. टाकीपासून नवी व्यवस्था करावी लागेल. ऑक्टाव्हियाचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मीटर पॅनेलमधल्या इमोबिलायझरची (चोरीरोधक यंत्रणेची) ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू ठेवत नाही, म्हणून स्वतंत्र प्रोग्रॅमेबल ईसीयू घेणे सोपे पडते. बूस्ट वाढवण्याचा विचार त्यानंतरचा. अर्धा बार बूस्ट म्हणजे ढोबळमानाने दीडपट हवा. सांगलीच्या एप्रिलमधल्या उन्हात ती हवा इंटरकूलरने थंड केली नाही आणि इग्निशन मागे घेतले नाही (ठिणगी थोडी उशिरा पाडली नाही), तर इंजिन नॉक करते, म्हणजे इंधन अवेळी भडकते, आणि पिस्टनच्या कडा तुटतात. हवा-इंधनाचे प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरशिवाय मॅपिंग (ईसीयूत इंधन व इग्निशनची जुळणी) करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

राहिला कास-महाबळेश्वरचा प्रश्न. त्याचे उत्तर नाही असे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते, तेव्हा निरीक्षकासमोर दुसऱ्याच कंपनीचे इंजिन उघडे पडेल. अपघात झाला तर विमा कंपनीलाही दावा नाकारण्यास आयते कारण मिळेल. अशी गाडी ट्रेलरवर घालून बंदिस्त ट्रॅकवर न्यावी, एवढाच मार्ग उरतो.

म्हणून माझे मत असे, की वडिलांची गाडी कापू नये. इसुझूचे इंजिन रिबोअर करून (झिजलेले सिलिंडर नव्याने कातून) मूळ स्वरूपात ठेवावे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण केलेली आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, म्हणजे आपल्या काँटेसाला २०४४ नंतर तो मान मिळू शकेल. टर्बोची हौस भागवायचीच असेल, तर नोंदणी रद्द झालेली दुसरी काँटेसा शोधून ती निव्वळ ट्रॅकसाठी बांधावी. मित्राचे इंजिन घेण्यापूर्वी त्याचे कॉम्प्रेशन तपासावे आणि टर्बोची चकती बोटांनी हलवून पाहावी. आडवी किंचित हलली तर चालेल, पण पुढे-मागे सरकली किंवा घराला घासली तर टर्बो संपला आहे.

प्रश्न : यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचल्यावर टर्बो डिझेल गाडी लगेच बंद करू नये, असे मेकॅनिक सांगतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कारण खरे आहे. इंजिन बंद होताच टर्बोला मिळणारे तेल थांबते आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये राहिलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. मात्र आपल्या रस्त्यावर चढ आधीच संपतो आणि पुढे पठारावरून गाडी फारशी ताण न घेता चालते, त्यामुळे कासला पोचेपर्यंत टर्बो बराच निवलेला असतो. घाट संपल्या संपल्या चहासाठी थांबलात, तर मात्र मिनिटभर आयडलवर ठेवून मग किल्ली फिरवावी. गाडीत स्टार्ट-स्टॉप असेल, तर घाटात तो बटणाने बंद करून ठेवावा.