साठीनंतर नवीन काही शिकता येतं का, आणि घरातली जुनी नाती त्या वयात बदलतात का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी दोन गोष्टी एकत्र विचारल्यात, आणि माझ्या बाबतीत त्या दोन्ही एकदमच झाल्या म्हणून लिहितेय.

मी घाटावरची, माहेर साताऱ्याकडचं. 1981 ला लग्न होऊन गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या घरात आले, पण राहिलो ठाण्यात. 33 वर्षं शाळेत गणित शिकवलं, 2016 ला रिटायर झाले आणि यांच्या हट्टामुळे गावी आलो. तोपर्यंत गाव म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिना. सासूबाईंशी भांडण असं कधीच झालं नाही, पण जवळीकही नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा मी मासे केले तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, घाटीण आहे ती, तिला काय कळतंय, आणि ते मी ऐकलं. पस्तीस वर्षं लक्षात ठेवलं बरं का, आम्ही बायका असलं काही विसरत नाही.

तर गावी आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, काढायला जायची हौस आली. वाडीतल्या बायका ओहोटीला खाडीत उतरतात त्यांच्याबरोबर निघाले, आणि पोचले तर पाणी गुडघ्याच्या वर. बायका अजून घरीच! मी घड्याळ बघून गेले होते, काल नऊला गेल्या होत्या म्हणजे आजही नऊला. परत आले तर आई, म्हणजे सासूबाई, पडवीत बसून हसतायत. म्हणाल्या, "अगो आज तिथी काय? तिथीची पाऊणकी कर नी घड्याळात बघ. इतकं शिकलीस नी पाऊणकी येत नाय?"

खरंच येत नव्हती. पावकी निमकी पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, ही नावं मला माहीत, पण माझ्या शाळेच्या वेळेपर्यंत ते सगळं मागे पडलं होतं. आई शाळेत एक दिवस गेलेल्या नाहीत. संध्याकाळी दिव्यापाशी त्यांचे भाऊ परवचा, म्हणजे पाढे, म्हणायचे ते चुलीपाशी बसून ऐकून ऐकून त्यांना पाठ. हिशोब असा, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. त्याच्या पुढेमागे सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप आतही जातं, म्हणून तिसऱ्यांना पहाटे पाचलाच उतरायचं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं, जाण्यात अर्थ नाही. यांना विचारलं तुम्हाला माहीत होतं का हे, तर म्हणाले मी कशाला जातोय तिसऱ्यांना, ते बायकांचं काम. वर परत पेपरात डोकं.

आता इथे मला वयापेक्षा माझी मास्तरकी आडवी आली. मी कागद घेऊन बसले. चोवीस तास भागिले तीस तिथ्या म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं, 45 नाही. पंधरा तिथ्यांची 720 मिनिटं, बरोबर बारा तास. म्हणजे पौर्णिमेला भरती बाराला यायला हवी आणि आईंची पाऊणकी सांगते सव्वाअकरा. मी अगदी खूश, म्हटलं आई तुमच्या हिशोबात पाऊण तासाची चूक आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पौर्णिमेला मी मुद्दाम साडेअकराला जेटीवर गेले, तर पाणी एक पायरी खाली उतरलेलं आणि वरची पायरी ओली. बराच वेळ तशीच उभी राहिले. मग तिथल्या होडीवाल्याने सांगितलं की भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, आमच्याकडे मुंबईच्या आधी लागते, तुमचे बारा मुंबईकडे चालतील. घरी येऊन आईंना सांगितलं माझंच चुकलं. त्यांनी फक्त विचारलं, "चाय टाकू?"

त्या दिवसापासून काय बदललं ते नीट सांगता येणार नाही. पण नंतर त्या आपणहून सांगायला लागल्या, चिखलात बारीक भोक दिसलं की तिथे हात घालायचा, तिसऱ्या विळीवर कशा फोडायच्या, एकशिपी (एका शिंपेसकट केलेल्या तिसऱ्या) करताना पाणी घालायचं नाही कारण त्यांचंच सुटतं. मी विसरायचे, तेच चार वेळा विचारायचे, या वयात डोक्यात राहत नाही हे खरंच आहे, कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवायचे. त्या चिडायच्या नाहीत. मी वर्गात चिडायचे, पुष्कळ, त्याची आठवण मला चिखलात उभी असताना यायची. मी त्यांना सही शिकवते म्हटलं तर मात्र साफ नाही म्हणाल्या. अंगठा बरा आहे, त्याला स्पेलिंग नसतं. (स्पेलिंग हा शब्द नातवाकडून उचललाय.)

आता त्या 88 च्या आहेत, गुडघे गेलेत, खाली उतरत नाहीत. मी उतरते आणि त्या बांधावर बसून वरून ओरडतात, तिथे नको, डावीकडे, अगो डावीकडे. बाकीच्या बायका हसतात. घाटीण अजून म्हणतात, पण परवा कुणीतरी पाव्हण्यांनी भरती कधी आहे विचारलं तर म्हणाल्या, आमच्या घाटणीला विचारा, मला आता तिथी लक्षात राहत नाय.

हे लिहितेय तर आतून हाक आलीच, आज तिथी काय गो? एकादशी. म्हणजे सव्वाआठ. एकादशीला या घरात तिसऱ्या शिजत नाहीत, तरी विचारायचं ते विचारायचंच.