क्रूझवर शोर एक्सकर्शन (बंदरावर उतरून करायची टूर) बुक केलीये पण हवामान खराब दाखवतंय, पैसे बुडतील का?

क्रूझवाल्यांकडूनच बुक केली असेल तर टेन्शन नको, जहाज त्या बंदरात थांबलंच नाही तर टूरचे पैसे साधारणपणे आपोआप परत येतात. बाहेरच्या ऑपरेटरकडे केली असेल तर मात्र त्याची कॅन्सलेशन पॉलिसी आत्ताच वाचा, जहाज आलं नाही तर रिफंड असं स्पष्ट लिहिलंय का बघा.

आणि नुसत्या पावसाने टूर सहसा रद्द होत नाही हो, रेनकोट घालून फिरवतात! खरा घोळ वाऱ्याचा आणि लाटांचा, त्यातही सँटोरिनी, ग्रँड केमनसारख्या ठिकाणी जिथे जहाज धक्क्याला न लागता छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात तिथे समुद्र खवळला की कॅप्टन सरळ पुढे निघतो. स्नॉर्कलिंग वगैरे तर आधी रद्द होतं, बसची टूर बहुतेक वेळा चालू राहते.