तीन कोड, एक अंदाजपत्रक आणि आपत्कालीन निधी

तुमच्या पत्रातील परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही आधीच्या मालकाने मॉडिफाय केलेली एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. तिच्या मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) जागी बाहेरून आणलेला हेडर आहे, एअर फिल्टर उघड्या प्रकारचा आहे आणि सायलेन्सरही बदललेला आहे. दीड महिन्यापासून चेक इंजिनचा दिवा पेटलेला असून स्कॅनरवर पी ०१७१, पी ०१३५ आणि पी ०४२० असे तीन कोड दिसतात. गॅरेजने दोन्ही ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) बदलण्याचे अंदाजपत्रक दिले आहे. निर्दोष स्थितीतील अशा गाडीची किंमत १०० धरली, तर तुमच्याच आकड्यांनुसार हा खर्च २८ येतो : कन्व्हर्टर १७, दोन सेन्सर मिळून ६ आणि मजुरी ५. आहे त्या स्थितीत गाडी घ्यायला जुन्या गाड्यांचा एक व्यापारी ६५ द्यायला तयार आहे. चार महिन्यांच्या खर्चाइतका तुमचा आपत्कालीन निधी आहे आणि दुरुस्ती केली तर तो अडीच महिन्यांवर येईल. निधी मोडून दुरुस्ती करावी की तोटा सोसून गाडी विकावी, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की आज यांपैकी काहीच करू नये. दोन्ही निर्णय गाडीत नेमके काय बिघडले आहे हे कळले आहे असे गृहीत धरतात, आणि ते अजून कोणालाच कळलेले नाही.

हिशेब करून पाहा. दुरुस्तीवर २८ खर्च केले आणि गाडी खरोखर बरी झाली, तर तिची किंमत ६५ वरून १०० वर जाईल, म्हणजे ३५ ची भर पडेल आणि खर्च वजा जाता ७ हाती राहतील. पण त्यासाठी दुरुस्ती यशस्वी व्हायला हवी. २८ ला ३५ ने भागले की ०.८ येतात, म्हणजे या दुरुस्तीने दोष जाईल याची किमान ८० टक्के खात्री असेल, तरच हा खर्च अंगावर येणार नाही. प्रत्यक्षात मॉडिफाय केलेल्या गाडीला ग्राहक कमी असतात आणि पूर्ण १०० क्वचितच मिळतात, म्हणून खात्री त्याहूनही अधिक हवी. केवळ कोड वाचून केलेल्या अंदाजपत्रकात एवढी खात्री असू शकत नाही. यात गॅरेजच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. कोड दोषाची दिशा दाखवतो, निकामी भागाचे नाव सांगत नाही.

सेन्सर काय करतो हे समजले की पैसा कुठे वाया जाऊ शकतो तेही कळते. नेहमीच्या प्रकारचा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये उरलेल्या ऑक्सिजनची बाहेरच्या हवेशी तुलना करून स्वतः व्होल्टेज तयार करतो. मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) असेल तर ते ०.१ व्होल्टच्या आसपास असते आणि रिच (इंधन जास्त) असेल तर ०.९ च्या आसपास. पेट्रोलसाठी १ भाग इंधनाला १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी इंजिनचा कॉम्प्युटर या व्होल्टेजवर विसंबून इंधन कमीजास्त करतो. पुढचा सेन्सर मिश्रण सांगतो, तर कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर कन्व्हर्टर काम करतो आहे की नाही ते सांगतो. म्हणून सेन्सरने ‘लीन’ असे कळवले, तर मिश्रण खरोखर लीन असू शकते, किंवा सेन्सरच्या आधी कुठूनतरी बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये शिरत असू शकते, किंवा एखादा सिलिंडर मिसफायर होऊन (त्यातले इंधन नीट न पेटून) न वापरलेला ऑक्सिजन पुढे सोडत असू शकतो. या तिन्ही परिस्थितींत सेन्सर खरे तेच सांगत असतो आणि तो बदलून काहीच साधत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडेही एक्झॉस्ट बदललेली एक वापरलेली गाडी होती. लीन मिश्रणाचा कोड आला म्हणून तीन महिन्यांत दोनदा पुढचा सेन्सर बदलला गेला आणि दोन्ही वेळा काही दिवसांत दिवा परत पेटला. पुढे एका मेकॅनिकने गाडी रात्रभर तशीच ठेवायला सांगितली आणि सकाळी थंड इंजिन सुरू करून बॉनेटखाली कान दिला. बारीक टिकटिक ऐकू येत होती. हेडरच्या जोडापाशी बोटभर लांबीचा काजळीचा काळा ओघळ होता. जोड हवाबंद ठेवणारे गॅसकेट निकामी झाले होते, आणि धातू तापून फुगला की ती फट बुजत असल्याने गरम गाडीवर आवाज येत नव्हता. गॅसकेट बदलताच काम झाले. दोन सेन्सरांचा खर्च मात्र गेला तो गेलाच. तुमच्या अंदाजपत्रकाकडे मी इतक्या काळजीने पाहतो, त्याचे कारण हा अनुभव आहे.

आता तुमचे तीन कोड. पी ०१७१ हा मिश्रण लीन असल्याचा कोड आहे. तुम्ही स्कॅनरच्या पडद्याचे छायाचित्र पाठवले हे फार चांगले झाले, कारण त्यातील फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के कमीजास्त इंधन देतो याचे, आकडे कोडपेक्षा अधिक बोलके आहेत. गाडी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते सुरू) असताना लाँग टर्म ट्रिम २२ टक्के आणि शॉर्ट टर्म ६ टक्के, म्हणजे एकूण २८ टक्के जादा इंधन कॉम्प्युटर ओततो आहे; २५०० आरपीएमला हाच आकडा ७ टक्क्यांवर येतो. दोन्ही मिळून १० टक्क्यांच्या आत असणे सर्वसाधारणपणे ठीक मानले जाते. आयडलला मोठा आणि आरपीएम वाढवताच उतरणारा आकडा हे बाहेरची हवा शिरण्याचे ओळखीचे लक्षण आहे, मग ती इनटेकच्या (इंजिनात हवा येण्याच्या) बाजूने व्हॅक्यूम लीकमधून येत असो की हेडरच्या जोडातून. फ्युएल पंप कमजोर असता तर वेग आणि भार वाढल्यावर आकडा चढला असता. उघड्या फिल्टरचे तेल लागून मळलेला हवामापक सेन्सरही बहुधा भाराखालीच लीन दाखवतो. सेन्सर जुना होऊन सुस्त झाला असेल, तर त्याच्यासाठी सहसा पी ०१३३ हा वेगळा कोड येतो, आणि तुमच्या यादीत तो नाही.

पी ०१३५ हा पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड आहे. सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. हीटर जळलेला असू शकतो. फ्यूज उडालेला असू शकतो. आणि हेडर बसवलेल्या गाडीत तापलेल्या नळीला टेकून वायरचे आवरण वितळलेले असू शकते. हे ठरवायला मल्टिमीटर आणि काही मिनिटे पुरतात. कनेक्टर काढून हीटरच्या दोन वायरींमधला रोध मोजायचा; अनेक सेन्सरांत या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात. तो काही ओहमपासून वीसेक ओहमपर्यंत आला तर हीटर बहुधा शाबूत आहे आणि दोष वायरिंगमध्ये शोधायचा. मीटरने काहीच जोडणी दाखवली नाही तर हीटर तुटला आहे आणि तो एक सेन्सर बदलणे योग्य ठरेल. येथे आणखी एक गोष्ट बघून घ्या. हेडरमुळे सेन्सरची जागा सरकली म्हणून आधीच्या मालकाने वायर लांबवली असेल आणि सेन्सरच्या बाजूला डाख दिला असेल, तर तो जोड संशयास्पद आहे, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच घेतात आणि डाखाने ती वाट बंद होते.

पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी असल्याचा इशारा, आणि तुमच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग यावरच उभा आहे. एक्झॉस्टमधल्या गळतीने हा कोड खोटाही येऊ शकतो. शिवाय अनेक गाड्यांत सेन्सरच्या हीटरचा दोष उभा असेपर्यंत कॉम्प्युटर कन्व्हर्टरची चाचणी घेतच नाही, त्यामुळे तुमच्याकडचा हा कोड जुना असण्याची शक्यता आहे. आधी हीटर आणि गळती यांचा निकाल लावून मगच त्याच्याकडे बघावे. एक शक्यता मात्र वेगळी आहे : कन्व्हर्टर आतून पोकळ केलेला किंवा काढून टाकलेला असेल, तर कोड खरा आहे आणि कोणताही सेन्सर तो घालवू शकणार नाही. मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून दूर ठेवणारा तुकडा) लावून किंवा ट्यूनिंगमध्ये तो बंद करून दिवा विझवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. कन्व्हर्टर काढणे अनेक देशांत बेकायदा आहे आणि उत्सर्जन चाचणीत अडकलेल्या गाडीची किंमत ६५ वरही टिकणार नाही.

म्हणून पहिला खर्च तपासणीवर करा. दुसऱ्या एखाद्या गॅरेजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींची स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणे), हीटर सर्किटची मोजणी आणि पुढच्या सेन्सरच्या प्रतिसादाची चाचणी मागा, आणि निष्कर्ष लेखी घ्या. अशा तपासणीचा दर तुमच्या मापात १.५ धरू. या १.५ ने १७ चा कन्व्हर्टर वाचण्याची शक्यता अकरात एक एवढी असली तरी तपासणीचे पैसे वसूल होतात. वरचे आकडे पाहता ती शक्यता मला त्याहून पुष्कळ मोठी वाटते. आधीच्या मालकाशी संपर्क असेल तर मूळ मॅनिफोल्ड आणि एअर बॉक्स त्याच्याकडे आहेत का, आणि कॉम्प्युटरचे रीमॅपिंग (त्यातल्या मूळ सेटिंग बदलणे) केले होते का, हे विचारा. मूळ भाग मिळाले तर ते परत बसवणे हीच अनेकदा स्वस्त दुरुस्ती ठरते, गाडीला ग्राहक वाढतात आणि काढलेला हेडर वेगळा विकता येतो.

तपासणीसह एकूण १० पर्यंतचा खर्च मी मान्य करेन, आणि तो निधीतून न काढता पुढील दोन-तीन महिन्यांच्या बचतीतून करावा. गॅसकेट, होज, वायरिंग आणि गरज पडल्यास एक सेन्सर एवढे त्यात बसावे. गाडी विकत घेताना हेडर आणि सायलेन्सरसाठी दिलेले जादा पैसे या हिशेबात धरू नका. ते परत मिळवण्याच्या ओढीने लोक नवा खर्च करत राहतात. दरम्यान दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवता येईल. तो लुकलुकू लागला तर ते मिसफायरचे लक्षण असते आणि गाडी लगेच थांबवावी, कारण न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याला कायमचे निकामी करते.

तपासणीत कन्व्हर्टर खरोखर गेला असे सिद्ध झाले, तर तुम्ही गाडी किती वर्षे ठेवणार यावर उत्तर अवलंबून राहील. तीन-चार वर्षे ठेवायची असेल आणि इंजिन तेल जाळत नसेल, तर आधी गळती काढून, निधी पुन्हा चार महिन्यांवर नेऊ शकाल असे वेळापत्रक आखून मग कन्व्हर्टर बदला. मूळ दोष तसाच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही टिकत नाही. वर्षभरात गाडी काढायचीच असेल तर ती आहे तशी, तपासणीचा अहवाल दाखवून विका. विकण्यापूर्वी कोड पुसू नका. ती ग्राहकाची फसवणूक आहे, आणि पुसल्यानंतर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसत असल्याने जाणकार ग्राहकाच्या ती लक्षातही येते.

विमा कंपनीला हेडर आणि इतर बदल कळवले नसतील तर याच आठवड्यात लेखी कळवा. न सांगितलेल्या बदलांवरून दावा नाकारला गेला, तर त्या नुकसानापुढे २८ चा आकडा लहान वाटेल.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी आठवडाभर शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर अशी दोन्हीकडे चालवा आणि त्याच स्कॅनरवर पुन्हा आकडे घ्या. आयडलची एकूण ट्रिम १० टक्क्यांच्या आत आली, कॉम्प्युटरच्या सर्व चाचण्या पूर्ण झाल्या आणि पी ०४२० परत आला नाही, तर कन्व्हर्टरसाठी बाजूला ठेवायचे ठरवलेले १७ तुमच्या निधीत तसेच राहू द्या.