वाचकांचे प्रश्न : डायनासोरचं मिलन, अंडी आणि नर-मादीचा गुंता

या वेळी डायनासोरच्या प्रजननावर इतके प्रश्न आलेत की आख्खा कॉलम त्यालाच दिलाय. काही वाचकांनी "विचारू की नको" असं लाजत लिहिलंय, तर लाजू नका, शास्त्रज्ञांनी या विषयावर आयुष्यं घालवलीत आणि मला स्वतःला डायनासोरबद्दलचा हा सगळ्यात भारी विषय वाटतो.

प्रश्न : डॉक्युमेंटरीत दोन टी-रेक्स एकमेकांना नाक घासतात, मग नर मादीवर चढतो वगैरे दाखवलं. माझ्या सातवीतल्या मुलाने लगेच विचारलं, हे कोणी बघितलं? मला काही सांगता येईना. यातलं खरं किती? (एक आई, नाशिक)

ताई, मुलाचा प्रश्न एक नंबर आहे. कोणीच बघितलं नाही, आणि मिलन करतानाच जीवाश्म झालीये अशी डायनासोरची एकही जोडी आजवर सापडलेली नाही. आता असं होऊच शकत नाही असंही नाही हां, जर्मनीत मेसेल नावाची जुनी खाण आहे, तिथे सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीच्या कासवांच्या जोड्या अगदी त्याच अवस्थेत मिळाल्यात, तळ्यात वरच्या पाण्यात एकत्र आली, तशीच बुडत खालच्या विषारी थरात गेली आणि तिथेच संपली. 2012 मध्ये त्यावर पेपर आला. डायनासोरच्या बाबतीत असं नशीब अजून कोणाला लाभलं नाहीये.

मग करतात काय, तर आज जिवंत असलेल्या नातेवाइकांकडे बघतात. डायनासोरच्या एका बाजूला मगरी-सुसरी आणि दुसऱ्या बाजूला पक्षी (पक्षी तर थेट डायनासोरचेच वंशज), त्यामुळे जी गोष्ट मगर आणि पक्षी दोघांतही आहे ती मधल्या डायनासोरमध्येही असणार असं धरून चालायला चांगला आधार मिळतो. दोघंही अंडी घालतात, दोघांतही अंड्याचं फलन मादीच्या शरीरातच होतं, दोघांनाही शी, शू आणि प्रजनन या सगळ्यासाठी एकच द्वार असतं ज्याला क्लोएका म्हणतात. मगरीच्या नराला लिंग असतं, शहामृगाला, एमूला, बदकालाही असतं, चिमणी-कावळ्यासारख्या बऱ्याच पक्ष्यांत ते नाहीसं झालं आणि ते नुसता क्लोएकाला क्लोएका टेकवतात. म्हणून डायनासोरच्या नराला लिंग असावं असंच बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, पण मऊ अवयव दगडात टिकत नाहीत, सगळा अडथळा तिथेच येतो.

आणि तरीही एक द्वार सापडलंच! फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग म्युझियममध्ये सिटॅकोसॉरस नावाच्या, साधारण मोठ्या कुत्र्याएवढ्या डायनासोरचा चीनमधून आलेला जीवाश्म आहे, त्याची कातडी टिकलीये, रंगद्रव्यसुद्धा टिकलंय. 2021 मध्ये ब्रिस्टल युनिव्हर्सिटीचे याकोब विन्थर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या शेपटीखालच्या क्लोएकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन्ही बाजूंना फुगीर कडा आणि त्यावर गडद रंग. ठेवण मगरीच्या जवळ जाणारी, पण हुबेहूब कोणासारखी नाही. रंग जोडीदाराला दाखवण्यासाठी असेल, कडांखाली मगरीसारख्या वासाच्या ग्रंथी असतील असा त्यांचा अंदाज आहे. आतला भाग टिकलेला नाही, त्यामुळे तो नर की मादी हे त्यावरूनही कळत नाही. पण इतक्या कोटी वर्षांनी ही जागा प्रत्यक्ष दिसावी याचंच मला अजून अप्रूप वाटतं.

राहिलं चढण्याचं. जाडजूड शेपटी मध्ये येते म्हणून नर मागून किंवा जरा बाजूने येत असणार हा तर्क. केन्ट्रोसॉरससारख्या काटेवाल्या डायनासोरचं हाइनरिश मॅलिसन यांनी कॉम्प्युटर मॉडेल केलं, तर नर पाठीवर चढला की काटे त्यालाच लागतात असं दिसलं, मग मादी कुशीवर आडवी होत असेल का अशीही चर्चा झाली. बदकचोचीच्या हॅड्रोसॉरचा पुरावा जास्त ठोस आहे. त्यांच्या शेपटीच्या मणक्यांवरचे वरचे काटे मोडून पुन्हा जुळलेले दिसतात, आणि ते परत परत शेपटीच्या बुडाजवळच. मिलनाच्या वेळी जोडीदाराचं वजन पडून हे झालं असावं हा विचार पूर्वीच मांडला गेला होता, 2025 मध्ये फिलिप्पो बेर्तोत्सो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतले नमुने तपासून त्याला बळ दिलं. तसं असेल तर ती मोडलेली हाडं माद्यांची! तर मुलाला सांगा, नाक घासणं ही कल्पना आहे, पण मोडलेलं हाड खरं आहे.

प्रश्न : सांगाड्यावरून नर-मादी ओळखता येतं का? नेटवर कुठे टी-रेक्सची मादी मोठी म्हणतात, कुठे नर. (बी.एस्सी.चा विद्यार्थी, पुणे)

अगदी मोजक्या सांगाड्यांत, आणि तेही मादीच. त्याची गोष्ट सांगतो. अमेरिकेत मोंटाना राज्यात अगदी आडबाजूला एक टी-रेक्स सापडला, मांडीचं हाड हेलिकॉप्टरने उचलायला फार मोठं झालं म्हणून तोडावं लागलं, आणि त्यातले तुकडे जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांच्याकडे गेले. हाडाच्या आतल्या पोकळीत त्यांना वेगळाच थर दिसला. अंड्यावर आलेल्या पक्ष्याच्या मादीत असाच थर तयार होतो, त्याला मेड्युलरी बोन म्हणतात, कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिथे साठवलं जातं आणि अंडी घालून झाली की थर विरून जातो. शहामृग आणि एमूच्या हाडांशी ताडून 2005 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे सुमारे 6.8 कोटी वर्षांपूर्वी ही बाई अंडी घालण्याच्या दिवसांत गेली!

मग 2008 मध्ये अँड्र्यू ली आणि सारा वर्निंग यांनी अ‍ॅलोसॉरस आणि टेनॉन्टोसॉरस या दोन डायनासोरमध्येही हा थर दाखवला आणि हाडातली वाढीची वर्तुळं मोजून वय काढलं. टेनॉन्टोसॉरस 8 वर्षांची, अ‍ॅलोसॉरस 10 वर्षांची आणि मोंटानाची ती टी-रेक्स साधारण 18 वर्षांची. मला यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की यांची वाढ अजून पुरी व्हायची होती, म्हणजे पूर्ण मोठं होण्याआधीच यांना पिल्लं होत होती. पक्षी तसं करत नाहीत, आधी पूर्ण वाढतात आणि मग अंडी. या बाबतीत डायनासोर मगरींच्या बाजूला पडतात.

पण थर नसला म्हणजे नर असं म्हणता येत नाही बरं का, अंडी घालायचे दिवस नसलेली मादीही असू शकते. शिवाय हाडाच्या काही आजारांतही तसाच दिसणारा थर येतो, म्हणून 2016 मध्ये श्वाइट्झर यांच्या टीमने रासायनिक तपासणी करून त्याच टी-रेक्सची खात्री पुन्हा केली.

आता मोठी कोण. जाड हाडांची ती मादी, सडपातळ तो नर अशा मांडण्या बऱ्याच झाल्या, पण जॉर्डन मॅलन यांनी 2017 मध्ये नऊ जातींचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा एकाही जातीत नर-मादीचा फरक आकडेवारीवर टिकला नाही. फरक नव्हताच असा याचा अर्थ नाही, नमुनेच फार कमी आहेत. चंबळमधल्या घडियालांचंच बघा ना, नर मादीपेक्षा खूप मोठा होतो आणि नाकावर मडक्यासारखा फुगवटा येतो. डेव्हिड होन यांच्या टीमने 2020 मध्ये घडियालांच्या 106 कवट्या मोजल्या, तर फुगवट्याच्या जागेचा खळगा सोडला तर नुसत्या मोजमापावरून नर-मादी वेगळे काढणं अवघडच गेलं. जिवंत प्राण्यांत ही कथा, तर नेटवरच्या "मादी मोठी"वर आत्ताच विश्वास ठेवू नका.

प्रश्न : मोरासारखे नाचायचे का हो? (ठाणे)

नाचायचे की नाही माहीत नाही, पण जमीन नक्की उकरायचे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मात मार्टिन लॉकली आणि सहकाऱ्यांना जोडीजोडीने उकरल्याच्या मोठमोठ्या खुणा मिळाल्या, काही तर 2 मीटर लांब, 2016 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. आजही जमिनीवर घरटं करणाऱ्या काही पक्ष्यांचे नर मादीसमोर "बघ, मला घरटं करता येतं" असं दाखवायला जमीन उकरतात. तिथे अंडी नाहीत, कवचाचा चुरा नाही, म्हणून ती घरटी नव्हेत आणि हे मादीला दाखवण्यासाठीच असावं असं त्यांचं म्हणणं. खडक फोडून नेला तर खुणाच जातील, म्हणून फोटोंवरून थ्रीडी मॉडेल आणि रबराचे साचे केले. वागणूक दगडात उमटल्याचं इतकं छान उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

प्रश्न : माझी पोल्ट्री आहे. कोंबडी दिवसाला एक अंडं देते. डायनासोर एका वेळी किती द्यायचे आणि पिल्लू किती दिवसांनी? (कोल्हापूर)

दादा, तुम्हाला हे पटकन समजेल. कोंबडीत डाव्या बाजूचीच अंडनलिका कामाची असते, उजवी वाढतच नाही. मगरीत दोन्ही चालतात आणि ती सगळी अंडी एकदमच घालते. 2005 मध्ये चीनमधल्या ओव्हिरॅप्टर नावाच्या डायनासोरच्या गटातल्या एका मादीचा जीवाश्म प्रसिद्ध झाला, तिच्या ओटीपोटात कवचासकट दोन अंडी होती, शेजारी शेजारी. म्हणजे मगरीसारख्या दोन्ही नलिका चालू, पण पक्ष्यांसारखं प्रत्येकीतून एका वेळी एकच अंडं. घरट्यातही ही अंडी दोन-दोनच्या जोडीने मांडलेली दिसतात, ते यामुळेच.

खुडूक बसायचेसुद्धा. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात 1920च्या दशकात अंड्यांवर एक डायनासोर मिळाला, अंडी दुसऱ्या जातीची समजली गेली आणि याचं नाव पडलं ओव्हिरॅप्टर, अंडीचोर. 1993 मध्ये तशाच अंड्यात ओव्हिरॅप्टर गटाचं पिल्लू दिसलं आणि त्याच सुमाराला त्याच गटातला एक मोठा प्राणी हात पसरून स्वतःच्या अंड्यांवर बसलेला मिळाला. बिचारा चोर नव्हताच, पण नियमाप्रमाणे नाव आता बदलत नाही.

दिवसांचं म्हणाल तर अंड्यातल्या पिल्लाच्या दातांवर रोज एक बारीक रेघ पडते. ग्रेगरी एरिक्सन यांच्या टीमने 2017 मध्ये या रेघा मोजून मेंढीएवढ्या प्रोटोसेराटॉप्सला जवळपास 3 महिने आणि बदकचोचीच्या मोठ्या हिपॅक्रोसॉरसला जवळपास 6 महिने लागत असा हिशोब काढला. तुमच्या 21 दिवसांपुढे हे केवढं! एवढे दिवस अंडी पूर, दुष्काळ, शिकारी यांच्या तोंडावर.

प्रश्न : आमच्याकडे पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं निघालीत असं ऐकलं. अंडीही असतील का? माझ्या वावरात गोल गोल दगड निघतात. (चंद्रपूर जिल्हा)

बरोबर ऐकलंत, पिसदुरा जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे, तिथल्या अश्मीभूत शेणात गवताचे अवशेष मिळाले आणि गवत डायनासोरच्या काळात होतं हे 2005 मध्ये जगाला कळलं. तुमच्याकडे ज्या खडकाच्या थरात हे मिळतं तो थर म्हणजे लॅमेटा, तोच मध्य प्रदेश आणि गुजरातमध्येही उघडा पडतो आणि त्यात लांब मानेच्या टायटॅनोसॉरची भरपूर अंडी आहेत. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्याच्या भागात 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवल्याचा पेपर 2023 मध्ये आला. घरटी इतकी जवळजवळ की एवढ्या मोठ्या प्राण्याला मध्ये वावरायला जागाच नाही, त्यामुळे अंडी घालून आई निघून जात असणार असं संशोधक म्हणतात. त्याच भागातल्या एका अंड्यात आत दुसरं अंडं निघालं, एकात एक. असा प्रकार पक्ष्यांतच माहीत होता, तयार अंडं मागे ढकललं जातं आणि दुसऱ्यात अडकतं. म्हणजे टायटॅनोसॉरच्या मादीची अंडनलिका पक्ष्यांसारखी असावी असा धागा आपल्या मातीतून मिळाला! गुजरातमधल्या ढोली डुंगरीला भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना मिळालेल्या घरट्यात तर अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप निघाला, साडेतीन मीटरचा, शेजारी नुकतं जन्मलेलं पिल्लू. 2010 मध्ये त्याचं नाव ठेवलं सनाजेह इंडिकस.

तुमच्या दगडांचं म्हणाल तर नुसत्या गोलपणावर जाऊ नका, चुनखडीचे गोळेही गोल असतात आणि बेसॉल्ट झिजूनही गोल दगड होतात. कवच दिसतंय का बघा, बाहेर एक-दोन मिलिमीटरचा वेगळा थर, त्यावर बारीक दाण्यांसारखे उंचवटे, फुटलेल्या जागी कडेला तोच थर सलग. एकाच जागी बरेच सारख्या आकाराचे असतील तर आशा जास्त. पक्कं मात्र पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच होतं. तोवर उकरू नका, धुऊ नका, फोडून तर अजिबात बघू नका, कारण कुठलं अंडं कुठल्या शेजारी होतं यावरूनच घरटं कळतं. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेचं लोकेशन सेव्ह करा आणि नागपूरला जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑफिस आहे तिथे कळवा. आणि एक फोटो आम्हालाही पाठवा.