तवंग आलेलं नाल्याचं पाणी खाचरात घ्यावं का?

प्रश्न: उरण तालुक्यातल्या खारपट्टीतून काही शेतकऱ्यांनी विचारलं आहे: "नाल्याच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो, रॉकेलसारखा वास येतो. लावलेल्या भाताची पानं पिवळी पडतात. हे पाणी खाचरात घ्यावं का? म्हशी तेच पितात. तळ्यातला जिताडा मासा खावा का?"

उत्तर: वास येत असेल तर नाल्याकडची उघाडी (पाणी आत-बाहेर सोडण्याचं दार) आजच बंद करा. खाचरातलं पाणी आटलं तरी भात चार-सहा दिवस ओलीवर तग धरतो, पण मातीत मुरलेलं तेल काढणं फार कठीण.

तवंग दिसला म्हणजे तेलच असं मात्र नाही. कोकणात साचलेल्या पाण्यावर लोहजीवाणूंचीही अशीच चकचकीत साय धरते. काठीने मोडून बघा. जीवाणूंची साय तडकते आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काठी काढताच पुन्हा एक होतो. तक्रार लिहिण्याआधी एवढं जरूर करा.

तरीही तुमची शंका मला रास्त वाटते. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल समुद्राखालच्या नळांतून उरणला उतरतं, आणि ऑक्टोबर २०१३ मधल्या गळतीनंतर किनाऱ्यावर तेल आलेलं तुम्ही पाहिलं आहे.

आता पिवळेपणा. फक्त शेंडे करपत असतील तर आधी मीठ तपासा. मातीची क्षारता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या (माती-परीक्षणातलं क्षारांचं माप) वर गेली की साध्या भाताचं उत्पादन प्रत्येक डेसिसायमनला साधारण १२ टक्क्यांनी घटतं. बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) झिरपून खाडीचं पाणी आत आलं तरी हेच लक्षण दिसतं, तिथे तेलाला दोष देऊन उपाय सापडणार नाही. खालची जुनी पानं पूर्ण पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय. तेल खाणारे जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. शिवाय भाताची मुळं खोडातल्या पोकळ वाटांनी श्वास घेतात आणि खोडाला चिकटलेलं तेल ती वाट अडवतं. म्हणून तवंग निघेपर्यंत युरिया टाकू नका.

पातळ तवंग असेल तर भाताचा पेंढा दोरीने घट्ट बांधून नाल्यात आडवा टाका, तो तेल शोषतो. तेलकट पेंढा जाळू नका, उकिरड्यातही टाकू नका. प्लास्टिकवर गोळा करून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. साबणाची पूड मारून तवंग घालवणारे भेटतील, त्यांना अडवा. तवंग दिसेनासा होतो, पण तेल पाण्यात मिसळून माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचतं. दाट काळं तेल असेल तर जवळ जाऊ नका, विडी-काडी तर मुळीच नको. तहसील कार्यालयाला फोन करा.

म्हशींना हातपंपाचं किंवा टँकरचं पाणी द्या. एखादीने तेल पोटात घेतलं असेल तर नळीने गोडेतेल वगैरे पाजू नका. ते फुप्फुसात गेलं तर जनावर दगावतं. पशुवैद्यकाला बोलवा. जिताड्याला रॉकेलचा वास असेल तर तो खाऊ नका, विकूही नका.

पिण्याच्या पाण्याबाबत मी सगळ्यात कठोर आहे. तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किंवा उकळणं, यातल्या कशावरही विसंबू नका. नायजेरियाच्या ओगोनी भागात तेलाच्या नळांजवळच्या विहिरींचं पाणी लोक पीत होते. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने अहवाल दिला तेव्हा ओगाले गावात कर्करोगकारक बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. म्हणून नाल्याकाठच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना आधी तपासणीला पाठवा.

नमुना दोन बाटल्यांत घ्या. तेलासाठी काचेची कोरडी बाटली, त्याच पाण्याने न विसळता, कारण तेल काचेला चिकटतं आणि आकडा चुकतो. क्षारांसाठी प्लास्टिकची बाटली, तीनदा त्याच पाण्याने विसळून. तारीख, वेळ, जागा लिहा आणि तलाठी व कृषी सहायक यांच्या समोर पंचनामा करून घ्या. नाल्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तेल-वंगणाची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. गळती सिद्ध झाली तर सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. मुदत अपघातापासून पाच वर्षांची आहे. पण पाऊस नाला धुऊन नेईल, त्यामुळे नमुना याच आठवड्यात घ्या.